धाकू मेस्त्रीचं पहिलं फायबर

"वैनी, हय जरा कान लावा बघू."

चहाची किटली मी वाळूत टेकवली, पदर कमरेला खोचला आणि त्या पालथ्या पांढऱ्या होडीच्या पोटाला कान लावला. पलीकडून धाकू मेस्त्रीनं हातोडीच्या दांड्यानं हलकेच ठोकलं. टण्.

"आता हय."

तो दोन हात सरकला, मीही सरकले. या वेळी आवाज बद्द आला, आतल्या आत जिरल्यासारखा.

"समाजला?"

"फणस," मी म्हटलं. "पयलो कच्चो, दुसरो पिकलो."

मेस्त्री खो खो हसला. "गोव्याच्या यार्डात माका ह्या शिकाक पंधरा दिवस लागले. तुमी चायच्या टायमाक शिकलात!" मग हसू आवरून त्यानं त्या जागेभोवती खडूनं गोल काढला. "फणस पिकलो तर माणसा खातत, वैनी. होडी पिकली तर ती माणसांका खाता. ह्यो तुकडो कापूक व्हयो."

तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. आता पंचाहत्तरी उलटली. सकाळी औषध घेतलं की नाही हे मला दुपारी आठवत नाही, पण तो टण् आणि तो बद्द अजून कानात वेगवेगळे आहेत.

आमची वाडी खाडीच्या तोंडाशी. घरं सगळी मासेमारी करणाऱ्यांची, आणि त्यांच्या लाकडी होड्या धाकू मेस्त्रीच्या हातच्या. आमचीही त्याचीच होती. तेवीस वर्षं चालली, मग तिच्या तळाला कीड लागली. तोवर किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दिसू लागल्या होत्या. लाकूड महाग, सुतारकाम महाग. फायबरला कीड नाही, दरवर्षीचं डांबर नाही. आमचे हे, म्हणजे भिकाजी कोयंडे, गोव्यात गेले आणि पर्यटकांना फिरवून म्हातारी झालेली एक फायबरची होडी ट्रकवर घालून घेऊन आले. तिचं इंजिन काढून घेतलेलं होतं, रंग उडालेला होता, तळावर फोड आले होते. वाडीतली माणसं तिच्याभोवती फेरी मारून गेली. तात्या मालंडकर म्हणाले, "भिकाजी, होडी हाडलंस काय न्हाणीघरातला टब हाडलंस?"

तात्यांच्या स्वतःच्या तीन लाकडी होड्या होत्या आणि तिन्ही थकलेल्या. आणखी चार घरांचीही तीच गत. टब म्हणून हसले तरी सगळ्यांचे डोळे आमच्या होडीकडे लागले होते. ती नीट झाली तर प्रत्येकजण अशीच जुनी फायबर आणणार होता.

आणि ती नीट करायची होती धाकू मेस्त्रीनं. पन्नाशीच्या पुढचा माणूस. लाकडाचं काम बंद पडलं तेव्हा इतर सुतारांसारखं नशिबाला बोल लावत न बसता तो गोव्याच्या एका यार्डात सहा महिने राहिला, पोरसवदा लोकांच्या हाताखाली फायबर शिकला आणि परत आला. आमची होडी हे त्याचं वाडीतलं पहिलं फायबर.

"वाडीत पंधरा होड्ये माझ्या हातचे," एकदा जेवताना तो मला म्हणाला होता. "आता लाकडाची कोण करना नाय. ह्या एक काम धरला तर मी हयच ऱ्हवतलंय, हयच मरतलंय. नाय धरला तर गोव्यात जावन लोकांच्या दारांका पॉलिश मारूक लागतला."

"कित्याक नाय धरूचा?" मी म्हटलं. "तुमच्या हातचा कधी गळलाहा काय?"

"लाकूड माका वळखता, वैनी. ह्या फायबर अजून वळख दाखवना नाय."

माघापासून काम सुरू झालं. आधी महिनाभर होडी नुसती उन्हात पालथी पडली होती. मुरलेलं पाणी बाहेर यायला हवं म्हणे. मग घासायला सुरुवात झाली. पांढरी धूळ उडायची आणि अंगाला अशी खाजायची की मेस्त्री संध्याकाळी समुद्रात गळ्यापर्यंत बसून राहायचा. पिकलेले तुकडे त्यानं कापून काढले. तिथं काचेच्या धाग्यांची चटई एकावर एक थर घालून रेझिननं चिकटवली. त्या रेझिनला असा वास, की वाडीतली कुत्रीसुद्धा तिकडं फिरकेनात. मेस्त्री मात्र दिवसभर त्यात. तोंडाला फडकं बांधा म्हटलं तर म्हणायचा, "फडक्यात माका माझोच आवाज ऐकू येना नाय."

त्याचं दुपारचं जेवण आमच्याकडं असायचं. एके दिवशी मी तिरफळं घालून बांगड्याचं सार केलं होतं. घरभर घमघमाट. मेस्त्रीनं दोन घास खाल्ले आणि विचारलं, "आज काय, डाळ काय?"

मला वाटलं, मस्करी. पण त्याचा चेहरा साधा होता. "नाक मेला माझा, वैनी. चार महिने झाले. गोव्यातच गेला. जिबेक कळता, नाकाक कळना नाय. बायल म्हणता, बरा झाला, माझ्या हातच्या करपलेल्याक आता नावा ठेवचे नाय."

आम्ही दोघंही हसलो.

आता घरातली एक रीत सांगायला हवी. वाडीत दुसऱ्या कुणाकडं ती नव्हती, आमच्याच घरात होती. दर हंगामाला होडी पाण्यात जाण्याआधी घरातल्या थोरल्या बाईनं तिला आतून तेल लावायचं. मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल. लाकडात जिथं जिथं लोखंड शिरतं, खिळा असो, बोल्ट असो, सुकाण्याची कडी असो, तिथं तिथं जुन्या लुगड्याच्या चिंधीनं तेल चोळायचं. लावताना घरातल्या आधीच्या बायांची नावं घ्यायची. भागीरथी, आनंदी, तुळसा. स्वतःचं नाव घ्यायचं नाही. ते मागून येणारीनं घ्यायचं. पुरुषांनी त्या वेळी तिथं थांबायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "पुरुष देवाक नारळ दितत. देव ऐकतलो, नायतर नाय. तेल मात्र होडयेक कळता."

वीस वर्षं मी फक्त वाटी धरून उभी राहिले. चिंधी सासूबाईंच्या हातात. त्या आदल्या पावसाळ्यात गेल्या. म्हणजे ही होडी माझी पहिली. वाटी माझी, चिंधी माझी, आणि नावांमध्ये पहिल्यांदाच एक नाव वाढणार होतं, सरस्वती, सासूबाईंचं. मी ती वेळ कधी येते याची वाट बघत होते. कुणाला सांगितलं नव्हतं, पण बघत होते.

शिमगा झाला. पाडव्याला होडी पाण्यात घालायची ठरली. हे इंजिन आणायला वेंगुर्ल्याला गेले. मेस्त्रीनं होडी उलथी केली, म्हणजे आता ती सुलटी, पोट वाळूत आणि तोंड आभाळाकडे. आतून बाहेरून ती मोत्यासारखी दिसत होती. शेवटचं आणि मेस्त्रीच्या मते सगळ्यात जोखमीचं काम राहिलं होतं: इंजिनाच्या पंख्याचा दांडा तळातून जिथं बाहेर जातो ती पितळी नळी बसवायची. नळीला ताटलीएवढा काठ, काठाला आठ बोल्ट, आणि काठ नि तळ यांच्यामध्ये काळा, रबरासारखा मसाला भरायचा. तो मसाला सात दिवसांत घट्ट होतो. त्याच्यावर सगळी भिस्त, कारण ही जागा कायम पाण्याखाली.

त्या दिवशी सकाळभर मेस्त्री भोकाभोवतीची जागा घासत होता. मग एका बाटलीतलं थंडगार, क्षणात उडून जाणारं औषध फडक्यावर घेऊन त्यानं ती जागा पुसली, नळीचा काठ पुसला, आठही बोल्ट पुसून स्वच्छ कापडावर ओळीनं मांडले. नातीनं नखांचा रंग काढायची बाटली उघडली की मला आजही ती दुपार आठवते.

"वैनी," तो म्हणाला, "मी जेवन येय्सर हेका कोणी हात लावूचो नाय. कोणी म्हणजे कोणीच. बोटाचो घामसुद्धा चलना नाय. आणि बायलमाणसांनी तर बाजूक पण येव नये. तुमच्या हातात कायम काय ना काय लागललाच असता."

शेवटचं तो मस्करीत बोलला. मला ते लागलं. वीस वर्षं वाट बघून हातात आलेली वाटी, आणि हा मला सांगतो बाजूला येऊ नका.

मी त्याला जेवायला वाढलं. भात, सार, तळलेली मांदेली. जेवून तो ओसरीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. मी आत गेले, फळीवरून मुशीच्या तेलाची बाटली काढली, सासूबाईंची वाटी घेतली, त्यांच्याच लुगड्याची चिंधी घेतली आणि मागच्या दारानं किनाऱ्यावर गेले.

होडीत चढले. आत खिळा नव्हता, लोखंड नव्हतं. सगळं गुळगुळीत, एकसंध. धातू शिरणार होता तो एकाच ठिकाणी. मी तिथं बसले. भोकाभोवती तेल चोळलं. पितळी नळी मांडीवर घेतली आणि तिच्या काठाला चोळलं. मग एकेक बोल्ट. भागीरथी, आनंदी, तुळसा, सरस्वती. घामाचं मेस्त्री बोलला होता ते डोक्यात होतं. पण घाम म्हणजे मळ, तेल म्हणजे तेल, असं मी मनाशी म्हटलं. वर लागलेलं तेल पदरानं टिपून घेतलं. उरलेलं होडी पिऊन टाकील, लाकडी होड्या नेहमी प्यायच्या तसं. बोल्ट होते तसे ओळीनं मांडले.

खरं सांगते, त्या दुपारी मी खूप सुखी होते.

मेस्त्री उठला, तोंडावर पाणी मारलं, कामाला गेला. मी दारातून बघत होते. तो वाकला, नळी हातात घेतली. तेलाचा वास तिथं भरून राहिला असणार. पण त्याचं नाक मेलेलं होतं, आणि पितळ काय, पुसलं तरी चमकतं आणि तेल लावलं तरी चमकतं. त्यानं काळा मसाला गोल गोल भरला, नळी बसवली, बोल्ट आवळले. काठातून बाहेर आलेला मसाला बोटानं सारखा केला. मग माझ्याकडं बघून हात वर केला.

पाडव्याला होडी पाण्यात गेली. सगळी वाडी जमली होती. तात्या मालंडकर गुडघाभर पाण्यात उभे राहून बघत होते. ह्यांनी इंजिन सुरू केलं, खाडीच्या तोंडापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. मेस्त्री आत वाकून नळीकडं बघत होता. परत आल्यावर त्यानं कोरडा हात वर करून सगळ्यांना दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्या म्हणाले, "मेस्त्री, माझे तीन आसत. पावसाक आदी एक तरी करून दी."

मेस्त्रीच्या बायकोनं तिथंच माझ्या हातात साखरेची पुडी दिली. "तुमच्या घरापासून सुरुवात झाली, वैनी."

सहाव्या दिवशी होडी सहा वाव खोल पाण्याच्या पुढं, जाळी टाकून उभी होती. हे आणि दोन खलाशी. इंजिनाची थरथर आणि वरून लाट. ह्यांनी पायाला गार लागलं म्हणून खाली बघितलं तर पाणी घोट्यापर्यंत. बादलीनं उपसलं तर पाणी उपसण्यापेक्षा जास्त वेगानं येत होतं. इंजिन भिजून बंद पडलं. जाळी कापून टाकावी लागली. शेजारच्या गावची एक होडी दिसली म्हणून माणसं वाचली. तिनं दोरखंड लावून आमची होडी ओढत आणली तेव्हा ती काठापर्यंत भरली होती आणि एक खलाशी वाळूवर उतरताच ओकला.

दुसऱ्या दिवशी भरतीला होडी वर ओढली. मेस्त्री आला. आत उतरून त्यानं बोल्ट सैल केले. नळीचा काठ बोटानं उचलला तर तो सहज उचलला गेला, आणि मसाल्याची काळी चकती त्याच्या हातात आली. अख्खी. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी. कुठं चिकटलीच नव्हती.

मी चार हातांवर उभी होते. माझ्या लक्षात आलं ते त्या क्षणी. त्याआधी नाही, खरंच नाही.

मेस्त्री ती चकती उलटसुलट करून बघत होता. त्यानं ती नाकाशी नेली. मग आठवल्यासारखं थांबून जिभेच्या टोकाला लावली. आणि तसाच राहिला. तीस वर्षं होड्या केलेल्या माणसाला मुशीच्या तेलाची चव सांगावी लागत नाही. त्यानं वर बघितलं. ह्यांच्याकडं नाही, तात्यांकडं नाही. माझ्याकडं.

"काय झाला, मेस्त्री?" तात्यांनी विचारलं.

"बघतंय," तो म्हणाला आणि चकती खिशात घातली.

तात्यांनी रविवारी देवळात बैठक बोलावली. मेस्त्रीला काम द्यायचं की रत्नागिरीकडून फायबरवाले आणायचे, ते ठरवायला. चार दिवस मधे होते. शुक्रवारी दुपारी मी मेस्त्रीच्या खोपीत गेले. तो एकटाच जुन्या पटाशीला धार लावत होता.

"मेस्त्रीनु," मी म्हटलं, "त्या दिवशी तुमी जेवन निजल्यार मी—"

त्यानं पटाशी आडवी धरली, जणू मला अडवायलाच. "वैनी, हय बोला नको. तुमी हय बोललात तर माका आयकूचा लागतला. आणि आयकलंय तर माका सांगूचा लागतला. गिरायकाच्या घरची बायल म्हणान तुमच्यार मी बोट दाखवूचंय नाय. मी कारागीर माणूस."

"मगे?"

"रविवारी सगळे आसतले," तो म्हणाला आणि पुन्हा धार लावू लागला.

मी घरी आले तेव्हा छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. मला वाटलं, त्यानं मला सोडलं. रात्री पोटभर जेवले. त्यानं सोडलं नव्हतं. जागा दाखवली होती, कुठं बोलायचं ती. हे न कळायला मी काही लहान नव्हते.

रविवारी सकाळी हे सदऱ्याची बटणं लावत होते. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, "तेलाचा काय बोलूचा नाय."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. "तुमका म्हायत?"

"माका नाक आसा."

"आणि गप ऱ्हवलात?"

"मगे काय सांगू? कोयंड्यांच्या बायलेन होडी बुडवल्यान? उद्या आपल्या होडयेर कोण खलाशी चढात? आयेचा नाव निघात ता येगळाच." मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "मेस्त्रीचा काय, कारागिराक कामाची काय वानवा? धा जागी गावतली तेका."

तरीही मी बोलायचं ठरवून गेले. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे आणि ते खरं आहे. देवळाच्या मंडपात पुरुष एका बाजूला, आम्ही बायका खांबाच्या अलीकडं. मेस्त्री मधे उभा, धुतलेला शर्ट घालून.

"मसालो खराब होतो?" तात्यांनी विचारलं.

"नाय. मसालो चांगलो."

"मगे हात खराब?"

मेस्त्रीनं एकदा, अगदी एकदाच, खांबाकडं बघितलं. मी पाय जवळ ओढले. उठायला गुडघ्यावर हात ठेवला. एवढ्यात तात्या म्हणाले, "धाकू, तू आपलो फर्निचर कर बाबा. खुर्ची केलंस तर तिका पाणी लागना नाय, आणि गळली तरी बसणारो बुडना नाय!"

सगळा मंडप हसला. बायकाही हसल्या.

मीही हसले.

का हसले ते मला आजतागायत सांगता येत नाही. तात्या बोलायचेच तसे. चार दिवस दाबून धरलेलं काहीतरी होतं, ते बाहेर पडायला वाट शोधत होतं, आणि ते हसण्याच्या वाटेनं पडलं. पदर तोंडाशी नेला, पण उशीर झाला होता. मेस्त्री अजून माझ्याकडंच बघत होता.

त्याचा चेहरा रागावला नाही. नुसता मिटला. दुकान मिटावं तसा.

"पुसूक कमी पडलंय असतलंय," तो बैठकीला म्हणाला. "चूक माझी. भिकाजीची होडी परत बसवून दितंय. बाकीच्यांनी आपापला बघा."

मी गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो आला. सगळं घासलं, पुसलं, नळी बसवली, मसाला भरला. दुपारी मी जेवायला हाक मारली. "डबो हाडलोहा," म्हणाला. होडीतच बसून जेवला. सात दिवस रोज सकाळी येऊन मसाल्यावर नखानं दाबून बघून जायचा. आठव्या दिवशी आला नाही. त्याच्या बायकोला विहिरीवर विचारलं तर ती म्हणाली, गोव्याला गेले. माझ्याकडं तिनं नीट बघितलंसुद्धा नाही, पण ते तिला काही ठाऊक होतं म्हणून नव्हे. ज्यांच्या होडीनं तिच्या नवऱ्याचं नाव घालवलं त्या घरची मी, एवढंच. पावसाळ्याआधी तीही खोपीला कुलूप घालून गेली.

तात्यांच्या होड्या रत्नागिरीच्या लोकांनी केल्या. इतरांच्याही. दर दोन वर्षांनी त्यातली एखादी कुठून ना कुठून गळायचीच, आणि मग पुन्हा रत्नागिरीला माणूस जायचा, आठ-आठ दिवस होडी किनाऱ्यावर पडून राहायची. आमची मात्र नाही. अठरा वर्षं त्या नळीतून थेंब आला नाही. लोक म्हणायचे, "बघा, दुसऱ्या खेपेक कसा केल्यान! पयल्या खेपेक लक्ष दिला असता तर?" हे मान हलवायचे. मी आत जायची.

मेस्त्री गोव्यात वारला ते आम्हाला वर्षभरानं कळलं. दारांना पॉलिश करायचा, असं सांगणाऱ्यानं सांगितलं.

ह्यांनी समुद्र सोडला तेव्हा होडी विकायला काढली. मालवणच्या एका यार्डाचा मालक घ्यायला तयार झाला. डिसिल्वा नाव त्याचं, चाळिशीचा, स्वतः हातानं काम करणारा, आमच्या वाडीच्या रत्नागिरीच्या खेपा ऐकून असलेला. तो आमच्याच किनाऱ्यावर सामान घेऊन आला, कारण नळी बदलल्याशिवाय त्याला ती न्यायची नव्हती. आम्ही दोघं माडाखाली खुर्च्या टाकून बघत बसलो होतो.

त्यानं आठही बोल्ट काढले. नळी हलेना. पटाशी घातली, हातोडी घातली. पहार घालून मदतनिसासकट दोघांनी जोर लावला. मसाला सुटेना. शेवटी यंत्र लावून त्यानं काठ कापायला घेतला आणि अर्ध्यावर थांबून, कपाळाचा घाम पुसत आमच्याकडं आला.

"काकी, हे कोणी बसवलं होतं?"

"धाकू मेस्त्रीन," मी म्हटलं. किती वर्षांनी ते नाव तोंडातून मोठ्यानं काढत होते.

"कुठला तो?"

"हयचोच. ह्या वाडीतलो."

डिसिल्वानं मागं वळून होडीकडं बघितलं. "माझ्या यार्डात चौदा माणसं आहेत, एकालाही असं जमत नाही. असा माणूस घरात असताना तुमची वाडी इतकी वर्षं रत्नागिरीला कशाला धावत होती?"

खरं तर तो उत्तराची वाट बघत नव्हता. असंच बोलून गेला आणि वळलाही.

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

तो थांबला.

ह्यांनी खुर्चीतून माझ्या मनगटाला हात घातला. "ऊन लागला तिका," ते डिसिल्वाला म्हणाले. "वय झाला आता. चल गो, घराक चल."

ते उठले. मला उठवण्यासाठी त्यांनी हात ओढला. मी तो सोडवून घेतला आणि खुर्चीतच बसून राहिले.

"ता मशीन बंद ठेव, बाबा," मी डिसिल्वाला म्हटलं. "ह्या खुर्चीत बस. माका सांगूचा आसा."